‘गेटवर दहा उभे आहेत’ म्हणणाऱ्या जिनमालकांसाठी एक हिशोब

हिशोबनीस:
जिनिंगवाल्यांच्या (कापसातून रुई आणि सरकी वेगळी करणाऱ्यांच्या) गटात परवा एक पोस्ट फिरली. म्हणणं असं, की ऐन सीझनमध्ये फिटर (मशीनची सेटिंग-दुरुस्ती करणारा) सोडून गेला तर रडत बसू नका, गेटवर दहा उभे असतात, बदली माणसाचा खर्च शून्य. आणि ‘कामाचा ताण’ हे पुण्या-मुंबईचं खूळ आहे, ते कापसाच्या धंद्यात आणू नका. खाली लाइकच्या अंगठ्यांचा ढीग. म्हणून जरा लांब लिहितोय.

खर्च शून्य दिसतो, कारण तो पगाराच्या खात्यात पडतच नाही. तो उताऱ्यात पडतो, म्हणजे शंभर किलो कापसातून किती रुई निघते त्यात.

२४ डीआर (डबल रोलर) मशीनची जिन धरा. मशीनमागे तासाला ५० किलो रुई, म्हणजे १,२०० किलो, १७० किलोच्या सात गाठी. वीस तास चालली तर २४,००० किलो. ३४ टक्के उतारा असेल तर त्याला सुमारे ७०० क्विंटल कापूस लागतो. आता नवा फिटर आला. त्यानं नाइफचा (रोलरला टेकलेल्या पात्याचा) दाब आणि ओव्हरलॅप (दोन पाती एकमेकांवर किती येतात ते) आपल्या अंदाजानं बसवला आणि उतारा ३३.५ वर आला. ७०० क्विंटलवर ३५० किलो रुई सरकीला चिकटून गेली. रुईचा भाव खंडीला (३५६ किलो) ५४,००० धरा, म्हणजे किलोला १५२ रुपये. सरकी ३५ रुपये किलो. ती रुई सरकीच्या भावानं गेली, फरक ११७. गुणाकार केला की ४०,९५० रुपये येतात, आणि हे एका दिवसाचे. नव्या माणसाचा हात बसेपर्यंत हे रोज चालतं.

जुना का गेला तेही बघा. बारा तासांची पाळी, सलग रात्रपाळ्या. ग्रूव्हिंगसाठी, म्हणजे रोलरच्या खाचा काढायला, मशीन बंद मागितली की ‘आत्ता नको, गाड्या उभ्या आहेत’. आणि रोलर जळाला की सगळ्यांसमोर शिव्या त्यालाच. मशीन थांबवायचा हक्क नाही, पण बिघाडाची जबाबदारी पूर्ण. ताण म्हणतात तो हाच.

जिनवाला_पांढरकवडा:
वा! एसीत बसून गुणाकार चांगला जमते तुमाले. अर्धा टक्का फिटरमुळं गेला हे ठरवलं कोणं? पहिल्या वेचणीचा कापूस अन् फरदड (सीझननंतर ठेवलेल्या झाडांचा) यांचा उतारा सारखा असते का? फरदडीत कवडी (किडका, डागी कापूस), कचरा, घट सगळं वाढते. ढीग बदलला की आकडा हालते. ते सारं फिटरच्या नावावर कायले टाकता?

आणि सीझन सहा महिन्यांचा. या धंद्यात माणूस येतो-जातोच. आजोबाच्या काळापासून असंच चालू हाय.

रोलरमास्तर:
ढिगाचा मुद्दा बरोबर आहे. म्हणूनच आकड्यावर भांडू नका, सरकी बघा. एकाच ढिगाचा कापूस एक जुन्या सेटिंगच्या आणि एक नव्या सेटिंगच्या मशीनवर घाला, आणि दोन्हींखालची सरकी मुठीत घ्या. दाण्यावर राखाडी मखमल राहणारच, ते लिंटर म्हणजे आखूड तंतू, त्यावरून फिटरला बोलू नका. चिमटीत धरून ओढल्यावर लांब धागा निघतो का ते बघा. निघत असेल तर पकड ढिली आहे किंवा रोलरच्या खाचा बुजल्या आहेत. दाणे कापलेले दिसले तर नाइफचं सेटिंग चुकलंय. हे दोन मिनिटांचं काम आहे, त्याला लॅब लागत नाही.

नव्या माणसाची चूक जवळपास नेहमी एकच असते. माल कमी निघतो म्हणून खाचा न काढता तो दाब वाढवतो. थोडा वेळ माल वाढतो, मालक खूश. मग रोलर तापतो, चामडं चकाकायला लागतं, अँमीटरचा काटा चढतो, जळका वास येतो. पुढची पायरी ठिणगी, आणि रुईच्या खोलीत ठिणगी म्हणजे काय ते विदर्भात कोणाला सांगायला नको. जुना फिटर वासावरून मशीन बंद करतो. तो वास ओळखणारं नाक गेटवरच्या दहांत नसतं.

पुण्यातला_एचआर:
छान चर्चा. शहरातल्या कंपन्यांत आम्ही सोडून जाणाऱ्याची एक्झिट मुलाखत घेतो, दर तिमाहीला समाधान-सर्वेक्षण करतो, समुपदेशक ठेवतो. जिनमालकांनीही असा वेलनेस कार्यक्रम…

जिनवाला_पांढरकवडा:
झालं! आता रेजाबायांले अन् हमालाले योगा शिकवा. गाठींच्या प्रेससमोर चटई टाकतो, या तुम्ही.

रोलरमास्तर:
एचआरसाहेब, समुपदेशक राहू द्या. पाळी बदलताना पंधरा मिनिटं दोन्ही फिटर एकत्र उभे राहतील एवढं करा. कोणत्या मशीनचा आवाज बदललाय, कोणता बेअरिंग गरम आहे, हे तोंडी सांगून गेला तरी रात्रपाळीवाल्याचा निम्मा ताण जातो.

कास्तकार_राळेगाव:
तुमच्या फिटरचं ठीक हाय राजेहो, पण आमचं कोण पायते? मशीन बंद पडली की गाडी रात्रभर रांगेत. थंडीत ट्रॅक्टरवर झोपा, भाडं दुप्पट, सकाळी दव पडून कापूस ओला, अन् मंग ग्रेडर म्हणते ओलावा जास्त, भावात कट लागन. तुमच्या माणसाच्या ताणाचे पैसे आमच्या खिशातून जातात, ते घ्या न तुमच्या हिशोबात.

जिनवाला_पांढरकवडा:
कास्तकार भाऊ, कट आम्ही हौसेनं लावत नाही. ओला कापूस रोलरला गुंडाळतो. आणि ढिगाखाली पाणी मारून आणणारे काही कमी नाहीत, उगा तोंड उघडायला लावू नका.

कास्तकार_राळेगाव:
अन् रुईवर पाणी मारून गाठ भरणारे कोण? आमी का?

हिशोबनीस:
पाण्यासाठी वेगळा धागा काढा, हात जोडतो. रांगेचा मुद्दा मात्र खरा आहे. ज्या जिनसमोर दोनदा रात्र काढावी लागली, तिथे कास्तकार तिसऱ्यांदा गाडी वळवत नाही. तो खर्चही कुठल्याच वहीत नसतो.

जिनवाला_पांढरकवडा:
बरं, खर्चाचंच बोलायचं तर खरा खर्च मी सांगतो. उचल! दसऱ्याच्या आधी मुकादमाच्या हातावर रोख ठेवा, टोळी येते, पंधरा दिवस काम करते अन् एका रात्री गायब. मुकादमाचा फोन बंद. होळीला तर मेळघाटची टोळी विचारत पण नाही, निघते. फिटरपेक्षा ही उचल बुडते त्याचं बोला. सोडून जाणाऱ्याकडून वसूल व्हायलाच पायजे, कागद करून घेतलाच पायजे.

कामगार_वकील:
तो कागद करूच नका. उचल फिटेपर्यंत काम सोडता येणार नाही असं लिहून घेतलं की ते १९७६ च्या वेठबिगारी निर्मूलन कायद्यात बसतं. तसं कर्ज कायद्यानं रद्द होतं आणि असा कागद लिहून घेणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. तुमचाच कागद तुमच्याविरुद्ध पुरावा. कामाआधी दिलेली उचल पहिल्या पूर्ण पगारातून कापता येते, पण त्यातला प्रवासखर्च कापताच येत नाही.

जिनवाला_पांढरकवडा:
म्हणजे आम्ही पैसे वाटत फिरायचे? वेठबिगार म्हणे! संध्याकाळी मटणाची पार्टी मागणारा वेठबिगार पाहिला का कुठं?

मुकादमी_जाणणारा:
शेठ, टोळी रात्री पळते ती तुमच्यावर नाही, मुकादमावर चिडून. तुम्ही दिलेल्या उचलीतून तो आपलं कमिशन आधीच कापतो आणि मजुराला सांगतो ‘शेठनं एवढेच दिले’. दुसऱ्या हप्त्याला हिशोब लागत नाही, बाया भांडतात, टोळी उठते. उपाय अवघड नाही. उचल एकगठ्ठा देऊ नका, थोडी येण्याआधी आणि बाकीची टोळी रुजू झाल्यावर. मजुरी थेट प्रत्येकाच्या खात्यात, बाईची बाईच्या खात्यात. मुकादमाचं कमिशन किती माणसं आणली यावर देऊ नका, दर आठवड्याला हजर किती यावर द्या. मग टोळी टिकवायची काळजी त्याला.

आणि होळीचं म्हणाल, तर कोरकू माणूस फाग्याला घरी जाणारच. तुमच्या आजोबाच्या काळापासून जातोय. पंचांगात तारीख छापलेली असते, मग ‘गायब’ कसा? तो आठवडा आधीच बंद धरा आणि सगळ्या रोलरचं ग्रूव्हिंग, बेअरिंग, पट्टे तेव्हाच उरका.

रोलरमास्तर:
हे मात्र लाख बोललात.

जिनवाला_पांढरकवडा:
बोलायला काय जाते. होळीच्या वेळी भाव चढला तर बंद ठेवून बसू?

मुकादमी_जाणणारा:
टोळी नाही तर जिन तशीही बंदच की. फक्त तुम्ही शिव्या देत बंद ठेवता.

कामगार_वकील:
उचलीत पाळीचा प्रश्न बुडाला, म्हणून तिकडे येतो. फॅक्टरी अॅक्ट धरा की नवे कामगार कोड, ओव्हरटाइम दुप्पटच. दिवसाचे ९ तास साधे धरले तरी बारा तासांच्या पाळीला पगार पंधरा तासांचा होतो. दोन पाळ्यांचे झाले तीस. आठ-आठच्या तीन पाळ्या लावल्या तर चोवीसच. बारा तास स्वस्त पडतात कारण ओव्हरटाइम दिला जात नाही, एवढंच त्याचं गणित आहे.

दुसरं, नुसती जिनिंग-प्रेसिंग करणारा कारखाना ‘हंगामी’ म्हणून ईएसआयच्या (कामगार विमा योजनेच्या) बाहेर राहतो. त्यामुळे अपघात झाला की भरपाई थेट मालकाच्या खिशातून. कापसाच्या धुळीनं होणारा फुफ्फुसाचा आजार, बायसिनोसिसही त्या भरपाईच्या यादीत आहे. सुट्टीनंतर पहिल्या दिवशी कामावर आल्यावर छाती आवळते आणि पुढच्या दिवसांत बरं वाटतं, अशी तक्रार कोणी केली तर ‘सुट्टीत जास्त झाली असंल’ म्हणून हसू नका.

जिनवाला_पांढरकवडा:
तीन पाळ्यांना तीन फिटर आणू कुठून? एकाचे वांधे हाय.

हिशोबनीस:
हेल्परातून तयार करा. नागपूरला सिरकॉटचं (केंद्राच्या कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेचं) जिनिंग प्रशिक्षण केंद्र आहे. सीझन नसताना दोन पोरं पाठवा.

जिनवाला_पांढरकवडा:
पाठवतो अन् शिकून आलेला पोरगा दोन हजार जास्त घेऊन शेजारच्या जिनात जातो. फी माझी, माणूस त्याचा.

कामगार_वकील:
त्याला थांबवणारी गोष्ट कायद्यातच आहे, तुम्हाला ती नकोशी वाटते. हंगामी कामगाराला ग्रॅच्युइटी दर सीझनला सात दिवसांच्या पगाराइतकी. जिन जितके दिवस चालली त्यातले ७५ टक्के दिवस हजर असला की तो सीझन पूर्ण धरला जातो. २४,००० पगाराच्या फिटरचे, २६ नं भागून, ६,४६१ रुपये होतात. दरवर्षी नावं बदलून ते वाचवता, आणि त्यालाही कळतं की पाच सीझन काय, पन्नास केले तरी इथं काही साठत नाही.

जिनवाला_पांढरकवडा:
बरं. तुमचा अर्धा टक्का मी मानत नाही. ०.२ धरा.

हिशोबनीस:
धरला. १४० किलो, गुणिले ११७, रोज १६,३८०. फिटरची पूर्ण सीझनची ग्रॅच्युइटी अर्ध्या दिवसाच्या आत निघते.

जिनवाला_पांढरकवडा:
आकडेवाल्यांशी बोलूच नये. वही ठेवून पाहतो एक महिना, तुमचं खोटं पडलं तर इथंच येऊन लिहीन. काय लिहायचं त्या वहीत?

रोलरमास्तर:
मशीन नंबर, शेवटचं ग्रूव्हिंग कधी, पाळीच्या सुरुवातीचा आणि शेवटचा अँपिअर, सरकी मुठीत घेऊन बघितली का, फिटरनं बंद मागितलं ती वेळ आणि दिलं ती वेळ. शेवटचे दोन रकाने फिटरला भरू द्या, सुपरवायझरला नको.

कास्तकार_राळेगाव:
अन् गेटवर गाडी किती वाजता आली, काट्यावर किती वाजता गेली, तोबी रकाना टाका. तो आमी भरतो.