घराजवळच्या जुन्या रेस्टॉरंटमधील सुशी आता खावी का?

प्रश्न :
विजापूर रस्ता परिसरात आमच्या घराजवळ एक लहानसे रेस्टॉरंट आहे. तिथे चायनीज पदार्थांच्या जोडीने सुशी (व्हिनेगर लावलेला भात आणि मासा किंवा भाजी यांचा जपानी पदार्थ) मिळू लागली, तेव्हा सोलापुरात असे धाडस कोणी केले याचेच आम्हाला अप्रूप वाटले होते आणि सुरुवातीची चवही खरोखर चांगली होती. अलीकडे मात्र भात गार व टणक लागतो, नोरी (रोलभोवती गुंडाळलेले वाळवलेल्या समुद्री शेवाळाचे पान) चामट झालेली असते आणि मेनूकार्डावरील निम्मे प्रकार उपलब्ध नसतात. मालक अतिशय अगत्यशील असल्यामुळे जाणे बंद करणे जिवावर येते. हा प्रश्न केवळ चवीचा समजावा की तब्येतीचा?

प्रतिसाद १ :
सुशीच्या भातात व्हिनेगर, साखर व मीठ कालवतात आणि तो अंगाइतका कोमट असतानाच वळतात. शिजलेला भात फ्रिजमध्ये ठेवला की त्यातील स्टार्च पुन्हा घट्ट होतो, त्यामुळे तुम्हाला लागलेला टणकपणा बहुधा आधी वळून ठेवलेल्या रोलचा असावा. नोरीचे आपल्या कडक भाकरीसारखेच आहे. ओल लागली की तिचा कुरकुरीतपणा गेलाच. गिऱ्हाईक रोडावले की हे ओघानेच येते, कारण मोजक्या ऑर्डरींसाठी रोज ताजा भात लावणे कोणालाही परवडत नाही. यात मालकाची नियत खोटी आहे असे मला वाटत नाही.

प्रतिसाद २ :
वरील म्हणणे पटते, परंतु मासा कच्चा असेल तर प्रश्न तब्येतीचाच आहे. सोलापूर समुद्रापासून दूर, त्यात उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो, आणि वाटेत बर्फ कुठे वितळला हे ताटाकडे पाहून कळत नाही. कच्च्या खायच्या माशातील परजीवी मरावेत म्हणून तो उणे २० अंश सेल्सिअसला ७ दिवस गोठवावा, असे अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाचे मार्गदर्शन आहे. घरगुती फ्रीझर साधारण उणे १८ अंशांवर चालतो. शिवाय गोठवल्याने सगळे जिवाणू मरत नाहीत. उजनी धरणातला मासा कितीही ताजा असला तरी कच्चा खाऊ नये, कारण गोड्या पाण्यातील माशांतून परजीवींचा धोका असतो. गरोदर स्त्रिया, लहान मुले आणि वृद्ध यांनी कच्चा मासा टाळलेलाच बरा.

प्रतिसाद ३ :
जाणे बंद करू नका, मागवण्याचे पदार्थ बदला. काकडीचा किंवा पूर्ण शिजवलेल्या कोळंबीचा रोल मागवा आणि तो ऑर्डर दिल्यावरच वळून द्यावा, असे स्पष्ट सांगा. गर्दी नसताना मालकांशी मोकळेपणाने बोला : तीस प्रकारांऐवजी चारच ठेवावेत, सुशी फक्त शनिवार-रविवारी करावी आणि आदल्या दिवशी फोनवर ऑर्डर घ्यावी, म्हणजे भात ताजा लागेल व माल वाया जाणार नाही. जुन्या गिऱ्हाइकाने आपुलकीने सांगितलेले बहुतेक मालक मनावर घेतात. कच्चा मासा कुठून येतो आणि कसा साठवला जातो, हेही त्याच वेळी विचारा. नीट उत्तर मिळाले नाही, तर तेवढा पदार्थ कायमचा सोडा.