जुन्या ब्रिटिश सायकलला ऑक्टालिंक क्रँक बसवताना बॉटम ब्रॅकेट कोणता घ्यावा?

मुठाकाठ (प्रश्न):
नमस्कार. माझ्याकडे १९८५ च्या सुमाराची, ब्रिटिश बनावटीची पोलादी टूरिंग सायकल आहे. काकांनी ती इंग्लंडहून परतताना आणली होती. मधल्या काळात तिला दोनदा रंग दिल्यामुळे फ्रेमवरचे नाव झाकले गेले आणि ती कोणत्या कारखान्याची आहे हे आता कोणालाच सांगता येत नाही. मूळ क्रँक (पेडलचे दोन हात आणि पुढची दातेरी चक्रे यांचा संच) चौकोनी टेपरचा, म्हणजे निमुळत्या चौकोनी आसावर दाबून बसणारा आहे. त्याचा डावा हात (पेडल लागते तो दांडा) आतून झिजला असून बोल्ट कितीही आवळला तरी थोड्या अंतरानंतर पुन्हा खटखट सुरू होते. जुन्या बाजारात मला शिमानोचे दोन क्रँकसेट मिळाले. एक १०५ गटातील, दोन चेनरिंगांचा (पुढच्या दातेरी चक्रांचा) असून त्यावर एफसी-५५०० असा छाप आहे. दुसरा डिओरे गटातील, तीन चेनरिंगांचा, एफसी-एम५१० आहे. दोन्हींच्या आत आठ खाचा दिसतात. विकणाऱ्याचे म्हणणे असे की आठ खाचा म्हणजे ऑक्टालिंक ही शिमानोची खाचांची जोडणी, तेव्हा एकच बॉटम ब्रॅकेट (क्रँकचा आस आणि त्याची बेअरिंग असलेला भाग) दोन्हींना चालेल. हे खरे आहे का, आणि चौकोनी आसासाठी बनवलेल्या फ्रेममध्ये असा ब्रॅकेट मुळात बसतो का?

आटेवाला:
विकणाऱ्याचे म्हणणे अर्धेच खरे आहे. दोन्ही क्रँक ऑक्टालिंकचे आहेत. पण ऑक्टालिंकच्या दोन आवृत्त्या निघाल्या आणि त्या एकमेकींत बसत नाहीत. पहिल्या आवृत्तीत आसावरच्या खाचा सुमारे ५ मिमी लांब आणि उथळ असतात. एफसी-५५०० या आवृत्तीचा आहे आणि त्याला बीबी-५५०० किंवा बीबी-६५०० लागतो. दुसऱ्या आवृत्तीत खाचा सुमारे ९ मिमी लांब आणि अधिक खोल असतात. एफसी-एम५१० तिच्यात मोडतो आणि त्याला ईएस मालिकेतील ब्रॅकेट लागतो. छाप पुसट झाला असेल, तर क्रँकच्या भोकातील खाचांची लांबी व्हर्निअरने मोजावी, म्हणजे शंका उरत नाही. कोणी दहा खाचांचा क्रँक दाखवला, तर तो आयसिस नावाचा वेगळाच प्रकार आहे हे ध्यानात ठेवावे.

खाचांच्या जोडणीचा हा सगळा खटाटोप झाला तो आसाच्या जाडीपायी. चौकोनी टेपरचा आस भरीव आणि बारीक असतो, तर ऑक्टालिंकचा आस पोकळ आणि सुमारे २२ मिमी व्यासाचा असल्यामुळे वजनाने हलका असूनही पिळाला अधिक टिकतो. पण शेलचा (फ्रेममधील ज्या नळीत ब्रॅकेट बसतो तिचा) व्यास जुनाच राहिला, तेव्हा आस जाड झाल्यावर छर्‍यांसाठी जागा कमी उरली. पुढे बेअरिंग शेलच्या बाहेर नेण्याची पद्धत आली, तिच्यामागे ही अडचणही होती.

आता बाजाराचे पाहावे. पहिल्या आवृत्तीचे ब्रॅकेट आता बहुधा जुन्या साठ्यात किंवा वापरलेले मिळतात. दुसऱ्या आवृत्तीसाठी मात्र बीबी-ईएस३०० अजून नवा मिळू शकतो. माझ्या मते तुमची निवड क्रँक कोणता देखणा आहे यावर न ठरता ब्रॅकेट कोणता हाती येतो यावर ठरावी.

नॉटिंगहॅमवासी:
खाचांचा विचार करण्याआधी शेलचे आटे तपासा, कारण ब्रिटिश सायकलच्या बाबतीत खरी ठेच तिथे लागते. बहुतेक ब्रिटिश फ्रेमना १.३७ इंच व्यासाचे आणि इंचाला २४ आटे असतात, आणि शेलची रुंदी ६८ मिमी असते. या मापाच्या शेलमध्ये त्याच मापाचा कोणताही आधुनिक कार्ट्रिज (आस आणि बेअरिंग एकत्र बंद असलेला) ब्रॅकेट बसतो. मात्र येथील, म्हणजे नॉटिंगहॅममधील, रॅलेच्या कारखान्यातून निघालेल्या अनेक सायकलींना इंचाला २६ आटे असत आणि शेल ७१ किंवा ७६ मिमी रुंद असे. व्यास जवळजवळ सारखाच असल्यामुळे २४ आट्यांचा कप (शेलमध्ये फिरवून बसवायचे कडे) अशा शेलमध्ये पहिले एक-दोन फेरे सहज फिरतो आणि मग अडकतो. तेव्हा लांब पान्याने जोर लावला, तर शेलचे आटे कायमचे जातात. फ्रेमवर नाव नसले तरी मापे सांगतील. जुना कप काढून त्यावरच्या दहा आट्यांची लांबी मोजा: ती १०.६ मिमी भरली तर २४ आटे आहेत, ९.८ मिमी भरली तर २६.

मुठाकाठ:
दोघांचेही आभार. शेल ६८ मिमी रुंद भरला आणि जुन्या कपावरचे दहा आटे १०.६ मिमीच्या अगदी जवळ आले, म्हणजे त्या बाजूने काळजी मिटली. खाचांची लांबीही आटेवाला यांनी सांगितल्याप्रमाणेच निघाली. आता प्रत्यक्ष बसवणीबद्दल विचारतो. आमच्या भागातील कारागिराचा हात कॉटर पिन आणि चौकोनी टेपरवर पक्का बसलेला आहे, पण खाचांचा क्रँक त्याने कधी हाताळलेला नाही. त्याला काय सांगून ठेवावे?

पाना_१५:
कारागीर चांगला असेल, तर त्याला फक्त एवढा फरक समजावून सांगा की चौकोनी टेपर बोल्ट आवळला की आपोआप जागेवर ओढला जातो आणि खाचांचा क्रँक तसा ओढला जात नाही. खाचेत खाच हाताने नीट बसल्याशिवाय बोल्टला पाना लावायचा नाही. आसावरचे दाते कठीण पोलादाचे असतात आणि क्रँक ॲल्युमिनियमचा. दात्यावर दाता चढलेला असताना बोल्ट आवळला, तर क्रँकच्या खाचा खरवडल्या जातात आणि तो हात भंगारात जातो. हात आसावर ठेवून किंचित मागेपुढे फिरवावा, तो आत सरकल्याचे बोटांना जाणवते. मग बोल्ट हाताने पुरता फिरवावा आणि शेवटी टॉर्क रेंचने ३५ ते ५० न्यूटन-मीटरपर्यंत आवळावा. डावा हात उजव्याच्या बरोबर विरुद्ध दिशेला आला आहे ना, हे पेडल लावण्यापूर्वी पाहून घ्यावे. एक खाच चुकली तर तो ४५ अंशांनी वाकडा येतो, त्यामुळे हे लगेच दिसते. अर्धवट बसलेला हात मात्र दिसत नाही आणि घात तोच करतो.

ब्रॅकेट बसवताना शेलचे आटे ब्रशने साफ करून ग्रीस लावावे. उजव्या बाजूचे आटे उलटे असतात, म्हणून उजवीकडील मुख्य भाग घड्याळाच्या काट्यांच्या विरुद्ध दिशेने आवळला जातो. तो आधी पूर्ण बसवून मगच डावा कप घालावा, आणि दोन्हींना ५० ते ७० न्यूटन-मीटर जोर द्यावा. कपाच्या आतील खाचांत बसणारा खास पाना लागतो, तिथे पाइप पाना लावू देऊ नका.

आणखी एक गोष्ट, जी क्रँक काढण्याची वेळ आल्यावरच आठवते. चौकोनी टेपरच्या पुलरचे (क्रँक आसावरून ओढून काढण्याच्या अवजाराचे) टोक बारीक असल्यामुळे ते ऑक्टालिंकच्या पोकळ आसात शिरते आणि आतील आटे बिघडवते. टोकावर बसवायचा टीएल-एफसी१५ हा छोटा तुकडा क्रँकबरोबरच मागवून ठेवा.

शेवटी, पहिल्या फेरीनंतर दोन्ही बोल्ट पुन्हा तपासा. बोल्ट सैल असताना सायकल दामटली, तर खाचा झिजतात आणि एकदा झिजल्या की पुन्हा घट्ट बसत नाहीत.

चौकोनी_टेपर:
मी थोडे वेगळे मत मांडतो. मूळ तक्रार फक्त डाव्या हाताची आहे. त्याच लांबीचा चौकोनी टेपरचा सुटा डावा हात घेतला, तर ही खटखट फार कमी खर्चात थांबेल. फक्त आस जपानी मापाचा आहे की आयएसओ मापाचा हे पाहावे लागेल, कारण दोन्हींचा उतार सारखा असला तरी टोकाची जाडी वेगळी असते आणि हात कमी-जास्त आत जातो. चौकोनी टेपरचा कार्ट्रिज आजही जवळजवळ कुठेही मिळतो. लांबच्या टूरवर एखाद्या गावात ब्रॅकेटने दगा दिला, तर ही सोय आसाच्या ताठपणापेक्षा मोलाची ठरते.

आटेवाला:
हा मुद्दा रास्त आहे, आणि सायकल घाटांतून दूर नेणार असाल तर मीही सुटा डावा हातच घेईन. तरीही खाचांचाच क्रँक लावायचा असेल, तर आसाची लांबी जुन्या आसावरून ठरवू नका. एफसी-५५०० ला १०९.५ मिमीचा आस लागतो आणि त्यामुळे चेनलाइन (फ्रेमच्या मध्यापासून चेनरिंगांपर्यंतचे अंतर) ४३.५ मिमी येते. तुमच्या सायकलच्या काळातील फ्रेममध्ये मागच्या चाकाच्या जागेची रुंदी बहुधा १२६ मिमी असेल, तिच्याशी ही चेनलाइन चांगली जुळते. डिओरेसाठी ईएस मालिकेत ११३, ११८, १२१ आणि १२६ मिमी असे पर्याय आहेत. क्रँकच्या माहितीपत्रकात जी लांबी दिली आहे तीच घ्या, आणि बोल्ट शेवटचा आवळण्याआधी सर्वांत लहान चेनरिंग आणि चेनस्टे (मागच्या चाकाकडे जाणारी फ्रेमची खालची नळी) यांच्यात मोकळी जागा राहते का ते फिरवून पाहा.