मदत हवी आहे : अर्जावरचा शेरा लोकांना कळेल असा कसा लिहायचा?

नमस्कार मंडळी. मी महसूल विभागात लिपिक आहे, दाखल्यांचं टेबल माझ्याकडे आहे. जूनमध्ये प्रवेश सुरू झाले की खिडकीवर काय गर्दी उसळते ते सांगायला नको.

अर्ज परत पाठवताना आमच्याकडे वर्षानुवर्षं एकच शेरा चालतो : 'आवश्यक कागदपत्रांची पूर्तता करून सादर करावे.' नेमका कुठला कागद, त्याचा पत्ता नाही. मग माणूस रोजगार बुडवून एसटीने येतो आणि इथे कळतं, नॉन-क्रीमीलेअरसाठी तीनऐवजी एकाच वर्षाचा उत्पन्नाचा पुरावा जोडलाय. हल्ली मी लिहितो : 'आणखी २ वर्षांचा उत्पन्नाचा पुरावा हवा. जिथून अर्ज भरला तिथूनच अपलोड करा, कार्यालयात येऊ नका.' फेऱ्या कमी झाल्या. पण साहेब म्हणतात, "हा शेरा आहे की चिठ्ठी? जरा कार्यालयीन लिहा."

खरी पंचाईत नामंजुरीची. लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ प्रमाणे कारण लेखी द्यायचं, शिवाय ३० दिवसांत प्रथम अपील कोणाकडे करायचं तेही कळवायचं. एवढं वाचून माणूस एकतर कोर्टाची नोटीस आल्यासारखा घाबरतो, नाहीतर थेट भांडायला येतो.

सोपा, तरी वरिष्ठांना चालेल असा नमुना कुणाकडे आहे का? जिल्हा परिषद, नगरपालिकेतला असला तरी चालेल. आणि वाचता न येणाऱ्यांना फोनवर सांगितलं, तर त्याची नोंद कुठे घेता? जीआर नकोत, ते ढीगभर आहेत. प्रत्यक्ष वापरलेला मजकूर टाका, नावं-नंबर खोडून.