रेक्टरांनी कक्षात येणाऱ्या मुलांची यादी मागितली आहे

प्रश्न (शिकाऊ, पुणे):
मी मानसशास्त्राच्या एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला असून प्रात्यक्षिकाचा भाग म्हणून आठवड्यातून तीन दिवस एका महाविद्यालयाच्या विद्यार्थी सहाय्य कक्षात बसते. मुले परीक्षा, मेसचे थकलेले पैसे, घरची ओढाताण असे काहीबाही घेऊन येतात, आणि रात्री त्यांतलीच काही मेसमध्ये माझ्या शेजारी जेवायला बसतात. गेल्या आठवड्यात वसतिगृहाच्या रेक्टरांनी 'कोण कोण येते' याची यादी मागितली. हेतू वाईट नसावा, परंतु यादी दिली तर कक्षाकडे कोणी फिरकणार नाही. नाही म्हणावे, तर मी पडले शिकाऊ.

उत्तर (समुपदेशक):
यादी देऊ नये आणि नकारही एकटीने देऊ नये. ते पत्र तुमच्या पर्यवेक्षकांच्या सहीने जायला हवे. २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचे कलम २३ गोपनीयतेचा हक्क देते, पण तो मानसिक आजार असलेल्या व्यक्तीला. परीक्षेच्या ताणाने आलेला प्रत्येक जण त्या चौकटीत बसेलच असे नाही. म्हणून कलमावरून वाद घालण्यापेक्षा कक्षाचा लेखी नियम करून घ्यावा. महिन्याला किती जण आले, एवढा आकडा पुरे. जिवाला धोका दिसल्यास मात्र इतरांना सांगावे लागते, आणि ही अट मुलाने बोलायला सुरुवात करण्यापूर्वीच त्याला सांगायची असते. नंतर सांगितल्यास तो विश्वासघात वाटतो.

उत्तर (निवृत्त प्राध्यापक):
मी काही वर्षे रेक्टर होतो. यादी मागण्यामागे बहुधा भीती असते, कारण रात्री दोन वाजता काही घडले तर पालकांचा पहिला फोन आम्हालाच येतो. त्यांना रात्री कोणाला उठवायचे, जवळचे रुग्णालय कोणते, हे एका कागदावर लिहून द्या. ऑक्टोबर २०२२मध्ये सुरू झालेल्या टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांकही त्यात घाला. ती सेवा चोवीस तास आणि विनामूल्य आहे. शिवाय १०० किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेने पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमावा, असे सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५मध्ये सांगितले आहे. तुमच्याकडे शिकाऊ मुलीवरच कक्ष चालत असेल, तर यादीपेक्षा तो प्रश्न मोठा आहे.

शिकाऊ, पुणे:
आभारी आहे. पत्र मॅडम पाठवणार आहेत. मेसमध्ये समोरासमोर आल्यावर कसे वागावे?

समुपदेशक:
ओळख दाखवायची की नाही, हे त्या मुलाला पहिल्या भेटीतच विचारून ठेवा. तो आपणहून बोलला तर बोला, कक्षातला विषय मात्र ताटावर काढू नका.