शब्दचर्चा: ‘बिशप’ की ‘अध्यक्ष’?

प्रश्न: मेथडिस्ट या प्रोटेस्टंट ख्रिस्ती पंथाचे बिशप विल्यम टेलर (१८२१–१९०२) यांच्यावर आमच्या ख्रिस्ती मंडळीच्या (चर्चच्या) अंकासाठी लिहितेय. ‘मिनिस्ट्री’ला भाषांतराचं ॲप ‘मंत्रालय’ म्हणतंय! आणि ‘बिशप’ला ‘अध्यक्ष’ चालेल का?

प्रतिसाद: ताई, सरळ ‘सेवाकार्य’ लिहा. लॅटिनमध्ये ‘मिनिस्टर’ म्हणजे मुळात सेवकच. ‘कारकीर्द’ मात्र नको, त्यात पदाचीच वर्षं मोजली जातात. टेलर १८८४ साली, त्रेसष्टाव्या वर्षी बिशप झाले. त्याआधीच चाळीस वर्षांची सेवा झालेली. १८४९ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या चौकात, जुगाराच्या अड्ड्यासमोर पडलेल्या सुताराच्या बाकावर ते चढले, मोठ्यानं गाऊ लागले, आणि माणसं जमल्यावर उपदेश केला. १८७१ साली मुंबईत आले तेही पगाराशिवाय; स्वतःची पुस्तकं विकून खर्च भागवत. याला कारकीर्द कसं म्हणायचं?

आता ‘अध्यक्ष’. ग्रीक ‘एपिस्कोपोस’ म्हणजे वरून पाहणारा, देखरेख करणारा. आपला ‘अध्यक्ष’ही अधि + अक्ष, त्यातही डोळा आहेच. मराठी पवित्र शास्त्रात, म्हणजे बायबलमध्ये, तीताला लिहिलेल्या पत्रात हाच शब्द आहे, आणि मला तो फार आवडतो. पण आज ‘अध्यक्ष’ म्हटलं की व्यासपीठावरची मधली खुर्ची दिसते. म्हणून शीर्षकात ‘बिशप’च ठेवा.

आणखी एक प्रतिसाद: आमच्या वसईकडे बिशपच्या क्षेत्राला ‘धर्मप्रांत’ म्हणतात. मग ‘धर्मप्रांताध्यक्ष’ का नको?

प्रतिसाद: कॅथलिकांसाठी योग्यच आहे. पण मेथडिस्टांचा बिशप जनरल कॉन्फरन्समध्ये, म्हणजे पंथाच्या सर्वोच्च सभेत, निवडला जाई आणि सतत फिरतीवर असे. टेलर तर ‘मिशनरी बिशप’, म्हणजे अधिकार आफ्रिकेपुरताच. हे विशेषण गाळू नका. शिवाय मेथडिस्ट चळवळीचे संस्थापक जॉन वेस्ली यांना ‘बिशप’ शब्दच खुपायचा. १७८८ साली अमेरिकेतले मेथडिस्ट पुढारी फ्रान्सिस ॲस्बरी यांना त्यांनी त्यावरून कडक पत्र लिहिलं होतं. त्यांची पसंती ‘सुपरिंटेंडेंट’ला. त्याचा मराठी ‘अधीक्षक’ घ्या: अधि + ईक्ष्, पुन्हा पाहणंच! फक्त आपल्या कानाला तो तुरुंगाचा नाहीतर वसतिगृहाचा वाटतो.

प्रश्नकर्ती: मग असं लिहिते: ‘आफ्रिकेचे मिशनरी बिशप विल्यम टेलर: जीवन आणि सेवाकार्य’. शेवटच्या ओळीत ‘निधन झालं’ की ‘प्रभूमध्ये निद्रिस्त झाले’?

प्रतिसाद: अंक मंडळीचा आहे, ‘प्रभूमध्ये निद्रिस्त झाले’ असंच लिहा. आपली माणसं घरात तेच म्हणतात.