अनुभव धागा: अध्यक्षांनी पद सोडलं, मागे काय राहिलं? (ॲमर्स्ट कॉलेज आणि बिडी मार्टिन)

धागाकर्ती: बिडी मार्टिन २०११ ते २०२२ मॅसॅच्युसेट्समधल्या ॲमर्स्ट कॉलेजच्या अध्यक्षा होत्या, त्या पदावरच्या पहिल्या स्त्री. कॉलेज १८२१ चं, विद्यार्थी साधारण एकोणीसशे. अमेरिकेतल्या, पदवीपर्यंतचं सर्वांगीण शिक्षण देणाऱ्या छोट्या लिबरल आर्ट्‌स कॉलेजांचं कामकाज जवळून माहीत असणाऱ्यांनी लिहावं. 'फार छान होत्या' एवढ्यावर थांबू नका. काय बदललं, कसं बदललं आणि कुठे अडलं ते येऊ द्या.

हिशोबनीस: सुरुवात ऑक्टोबर २०२१ पासून करतो. माजी विद्यार्थ्यांच्या मुलांना प्रवेशात मिळणारं झुकतं माप त्यांनी बंद केलं. तोवर दर तुकडीत अशी मुलं ११ टक्क्यांच्या आसपास असत. त्याच घोषणेत आर्थिक मदतीचं बजेट वर्षाला ७.१ कोटी डॉलरवर नेलं. अमेरिकन घरांपैकी उत्पन्नाने खालच्या ८० टक्क्यांत मोडणाऱ्यांना पूर्ण शिकवणी शुल्क माफ, आणि उत्पन्नाने खालच्या निम्म्या घरांत मोडणाऱ्यांचं राहणं-जेवणही माफ. हे दोन निर्णय जोडीनेच घ्यावे लागतात. नुसतं झुकतं माप काढलं तर त्या जागा दुसरी श्रीमंत मुलं पटकावतात.

पद सोडणार हे त्यांनी सप्टेंबरमध्ये सांगितलं आणि महिन्याभरात हा निर्णय आला. माझ्या मते हा योगायोग नव्हे. देणगीदारांची नाराजी ओढवून घ्यायला जाणाऱ्या अध्यक्षाइतकं मोकळं कोणी नसतं.

आता पैसा. तेव्हा कॉलेजचा कायम निधी सुमारे ३७० कोटी डॉलर होता. अशा निधीतून वर्षाला साधारण ४ ते ५ टक्केच काढतात, म्हणजे पंधरा-अठरा कोटी. त्यातलाही बराचसा भाग देणगीदाराने ठरवलेल्या कामालाच वापरता येतो. बाजार पडला तरी मदतीचा शब्द मागे घेता येत नाही; मग कात्री लागते ती नव्या नेमणुकांना आणि दुरुस्त्यांना.

एडिसनकर: श्रेय वाटताना मार्टिनबाईंच्या आधीचे अध्यक्ष अँथनी मार्क्स यांना विसरू नका. कर्जाऐवजी अनुदान, आणि पैसे मागितलेत का हे न बघता परदेशी मुलांचेही अर्ज वाचणं, ही दोन्ही धोरणं त्यांच्या काळातली, २००८ च्या सुमाराची. मार्टिनबाईंनी ती टिकवली आणि वाढवली.

एच-४ व्हिसावरच्या (एच-१बीवर नोकरी करणाऱ्यांच्या कुटुंबाचा व्हिसा) मुलांच्या पालकांना हे नीट माहीत हवं. त्या मुलांना सरकारी मदत मिळत नाही आणि बरीच कॉलेजं त्यांना परदेशी धरतात. तिथे पैसे मागितले की प्रवेशाची शक्यता घटते. ॲमर्स्टमध्ये तसं होत नाही. सीएसएस प्रोफाइल (आर्थिक मदतीसाठी घरच्या उत्पन्न-मालमत्तेची माहिती देण्याचा अर्ज) भरताना आपल्या लोकांची गाडी तीन ठिकाणी अडते:

– भारतातला भावंडांत सामाईक फ्लॅट. अख्खी किंमत टाकू नका. आपला हिस्सा टाका आणि खुलाशाच्या रकान्यात बाकीचे हिस्सेदार लिहा.
– निवृत्तीची खाती. त्यांचा रकाना वेगळा असतो. ती रक्कम बचतीत मिसळली तर घर आहे त्यापेक्षा श्रीमंत दिसतं.
– आई-वडिलांना दरमहा पाठवलेले पैसे आपोआप धरले जात नाहीत. विशेष परिस्थितीत लिहा, सोबत वर्षभराची बँक स्टेटमेंट ठेवा.

कॉलेजच्या साइटवरचा नेट प्राइस कॅल्क्युलेटर (मदत वजा जाता किती भरावं लागेल ते सांगणारा) पगारदारांना बरा अंदाज देतो. धंदा किंवा भाड्याचं उत्पन्न असेल तर मात्र त्यावर विसंबू नका.

मधुमालती: पैशांइतकीच संकटं कशी हाताळली हेही बघा. ऑक्टोबर २०१२ मध्ये एका माजी विद्यार्थिनीने लैंगिक अत्याचाराची आणि कॉलेजने केलेल्या हेळसांडीची हकीकत विद्यार्थ्यांच्या वृत्तपत्रात लिहिली. अध्यक्षांनी ती झाकली नाही. जाहीर उत्तर दिलं, समिती नेमली, आणि जानेवारी २०१३ मध्ये समितीचा अहवाल आला. नोव्हेंबर २०१५ मध्ये वंशभेदाविरुद्ध विद्यार्थी फ्रॉस्ट ग्रंथालयात ठाण मांडून बसले, मागण्यांची यादी आणि मुदत देऊन. बाईंनी प्रश्न खरा मानला, पण मुदतीच्या दडपणाखाली सगळ्या मागण्यांवर सही करायला नकार दिला. दोन्ही बाजूंचे लोक रागावले. जानेवारी २०१६ मध्ये विश्वस्तांनी लॉर्ड जेफ (वसाहतकाळातला ब्रिटिश सेनापती जेफ्री ॲमर्स्ट) हे अनधिकृत बोधचिन्ह सोडलं; तीही विद्यार्थ्यांची एक मागणी होती. पुढच्या वर्षी मतदानाने त्या जागी मॅमथ, म्हणजे नामशेष झालेला केसाळ हत्ती, आला. त्याचा सांगाडा कॉलेजच्या संग्रहालयात आहेच!

वास्तुपुरुष: इमारतींचं थोडक्यात. विज्ञान केंद्राचा आधीचा आराखडा बराच पुढे गेला होता, तरी बाजूला ठेवून जागा बदलली. मग क्रम असा: २०१६ मध्ये ग्रीनवे वसतिगृहं, मुलं तिकडे हलवून जुनी वसतिगृहं पाडली, त्या भागात २०१८ मध्ये नवं केंद्र. झालेला खर्च सोडून देणं विश्वस्तांच्या गळी उतरवणं हे उद्घाटनाच्या फितीपेक्षा अवघड काम.

शंकासुर: आरती पुरे. तिथे एक तृतीयांशाहून जास्त विद्यार्थी कॉलेजच्या संघांतून खेळतात, आणि खेळाडूंसाठी राखलेल्या जागांचा फायदा सुखवस्तू घरांना अधिक होतो. त्याला त्यांनी फारसा हात लावला नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये वंश बघून प्रवेश देणं थांबवलं आणि २०२४ च्या तुकडीत कृष्णवर्णीय मुलं ११ टक्क्यांवरून ३ टक्क्यांवर आली. नुसती भरघोस मदत ती घट थोपवू शकली नाही.

अर्ली डिसिजनही (एकाच कॉलेजला लवकर अर्ज करून बांधून घेण्याची पद्धत) तसंच चालू आहे. प्रवेश मिळाला की जावंच लागतं, त्यामुळे इतर कॉलेजांचे मदतीचे देकार ताडून बघता येत नाहीत. मदत खरंच अपुरी असेल तरच सुटका, आणि तीही आधी मदत कार्यालयाला कागदपत्रं दाखवून फेरविचार मागितल्यावर.

एडिसनकर: @शंकासुर, मान्य. म्हणूनच कॅल्क्युलेटरचा आकडा अर्ली डिसिजनच्या आधी छापून ठेवावा. फेरविचाराच्या वेळी मतभेद नेमका कोणत्या रकान्यात आहे ते त्यावरून दाखवता येतं.