‘बायकोनं केस टाकली की गडी संपला’ म्हणणाऱ्यांना

निपाणीकर: काल इथंच कुणीतरी लिहिलं, ‘बायकोनं केस टाकली की गडी संपला, कायदाच बायकांचा.’ असलं वाचून पोरं आणखी घाबरतात. गडी संपतो तो तारीख चुकवून. समन्स टीव्हीमागं खोचलं जातं, एकतर्फी पोटगी लागते, थकते आणि मग वॉरंट दारात. एकतर्फी हुकूम रद्द करायचा अर्ज तीन महिन्यांत टाकायचा असतो, तेही झोपेत जातात. पहिल्याच तारखेला उभं राहा. उत्पन्न-मालमत्तेच्या शपथपत्रात सोसायटीचं कर्ज, आईची औषधं, सगळं खरं लिहा. सुप्रीम कोर्टाचा निकाल आहे, रजनेश विरुद्ध नेहा, २०२०: ते दोघांनाही भरावं लागतं. आणि हिंदू विवाह कायद्याच्या कलम २४ खाली नवराही पोटगी मागू शकतो.

खानापूरचा: शपथपत्र ठीक. पण माहेर कोल्हापुरात असलं तर? त्याच कायद्याचं कलम १९ तिला राहत्या गावी केस टाकू देतं, नवऱ्याला ती सवलत नाही. केस तिकडनं इकडं बदलून घ्यायला आपल्या कर्नाटक हायकोर्टाचं धारवाड बेंच चालत नाही, मुंबई हायकोर्टाचं कोल्हापूरचं नवं सर्किट बेंचही नाही. राज्य बदललं की थेट सुप्रीम कोर्ट. दोन तासांच्या वाटेसाठी दिल्ली!

वडगावची ताई: ती सवलत २००३ ला आली. मार खाऊन माहेरी गेलेल्या बाईनं तारखेला सासरच्या गावी यायचं काय? आणि अटकेची भीती घालू नका. सुप्रीम कोर्टाचा अर्नेश कुमार निकाल २०१४ चा आहे, ४९८अ मध्ये, म्हणजे बायकोच्या छळाची (आता भारतीय न्याय संहितेचं कलम ८५), तक्रार आली की लगेच उचलायचं नाही, आधी नोटीस.

शहापूर गल्ली: समन्स टीव्हीमागं का जातं ते बोला की! कन्नडमध्ये असतं. दुकानदाराकडनं वाचून घ्यायचं आणि तारीख चुकीची ऐकायची.

खानापूरचा: पहाणी उतारा (इथला सातबारा) कन्नड, कोल्हापुरात भाषांतर करून द्या. तिकडचे मराठी कागद इथं आणले की परत भाषांतर. दिल्लीत सगळंच इंग्रजी. पैसे कुणी द्यायचे?

वडगावची ताई: बाईलाही तेच कागद, तीच भाषा. तिला कोण भाषांतर करून देतंय?

निपाणीकर: भाषेचं हे भांडण १९५६ ला राज्यं पाडली तेव्हापासूनचं आहे, तारीख थांबत नाही. प्रत्येक केसला सीएनआर नंबर असतो, १६ अक्षरांचा, ई-कोर्ट्स अ‍ॅपवर टाका, तारीख दिसते. गडी खरा मोडतो तो पोरासाठी. कोर्टाच्या आवारातलं बाकडं, हातात तासभर, आणि पोर सारखं आईकडं बघतंय. पाच वर्षांखालचं मूल सहसा आईकडंच राहतं, म्हणून भेटीचा अर्ज हिंदू विवाह कायद्याच्या कलम २६ खाली लगेच टाका, निकालाची वाट बघू नका. भेट अडवली म्हणून पोटगी अडवू नका. पैसे बँकेतनंच भरा, रोख दिलेल्याचा पुरावा राहत नाही.

वडगावची ताई: पोटगी थकली तरी भेट अडवू नये, हेही लिहा. एवढं एक मान्य. बाकीचं नाही.